कार्टूनवर बंदी सावकाश घाला, आधी तुमच्या बातमीतला एक शब्द काढा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

तुमचा पेपर माझ्याकडे दोन कामांसाठी येतो. सकाळी वाचायला आणि दुपारी ब्लाऊजचं कटिंग काढायला. कागद मोठा असतो, कडा सरळ असतात आणि महिनाअखेरी रद्दीवाल्याला द्यायला उरतच नाही. मागच्या पंधरवड्यात अशाच एका पानावर मी कटोरीचं माप टाकत होते, तर कात्रीच्या वाटेत वाचकांच्या पत्रव्यवहारातलं एक पत्र आलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं की जपानी कार्टूनं पाहून खेड्यातल्या मुली प्रेमप्रकरणांच्या नादी लागतात, सबब आईबापांनी मुलींच्या हातातला मोबाईल काढून घ्यावा आणि सरकारनं या कार्टूनांवर बंदी घालावी. ते पान मी कापलं नाही, दुसरं घेतलं. ते अजून मशीनच्या खणात आहे.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात शिलाई करते. वय ४६, शिक्षण बारावी, इंग्रजीत गेलेली. सासरहून परत आले त्याला आता वीस वर्षं झाली. घरात मी आणि माझी भाची. भाऊ गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती, वहिनीचं पुढं दुसरं घर झालं आणि पोरगी माझ्याकडे राहिली. आता ती अकरावीला आहे, रोज एसटीनं हिंगणघाटला जाते.

गुरुजींनी ती कार्टूनं पाहिली नसावीत असा माझा अंदाज आहे. मी पाहिली आहेत. मशीनवर दिवसाचे सहा-सात तास जातात, हात-पाय कामात असतात, कान मोकळे असतात. पोरगी मोबाईल बॉबीनच्या डब्याला टेकवून ठेवते. हिंदी डबिंग असलं तर मी ऐकते, नसलं तर ती खालच्या इंग्रजी पाट्या वाचून आमच्या भाषेत सांगते. या धंद्यात माणूस जेवढं ऐकतो तेवढं आमदारही ऐकत नसेल.

आधी गुरुजींचं खरं आहे ते खरं म्हणते.

आमची सुरुवात डोरेमॉनपासून झाली, सगळ्यांचीच होते. त्यात नोबिता तो कुठंही नेणारा दरवाजा उघडतो आणि पलीकडे शिझुका आंघोळ करत असते. ती किंचाळते, पाणी फेकते, मागं हसायचं संगीत वाजतं. हे एकदा घडून संपत नाही, पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे त्यातलं बरंच कापून दाखवतात, तरी जे उरतं ते पोरांना कळायला पुरतं. मीही हसले असेन तेव्हा. भाची दुसरीत होती. तिनं विचारलं, "आत्या, ते पोट्टी कडी काहून नाही लावत?" मी काही बोलायच्या आत तिचं तिलाच उत्तर सुचलं. "कडी लावून काय होते? त्याचा दरवाजा तं अंदरच उघडते."

आमची न्हाणी त्या वेळी अंगणात होती. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा, वर आभाळ. त्या वर्षी शेजाऱ्यांच्या स्लॅबचं काम निघालं होतं, वर दिवसभर मजूर. मी उजाडायच्या आत आंघोळ उरकत होते आणि पोरीलाही अर्धवट झोपेत उठवून न्हाऊ घालत होते. का, ते तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच ताडलं होतं आणि टीव्हीतल्या पोरीला जोडून पाहिलं होतं. जूनमध्ये गणवेशाच्या शिलाईचे पैसे आले, त्यातून मी पहिलं काम केलं ते पत्र्याचं दार बसवायचं, आतून कडी. एवढ्या वर्षांत घरासाठी केलेल्या खर्चात तो एकच असा आहे की ज्याचा मला कधी पस्तावा झाला नाही.

भाची सांगते की २०२० साली जपानमध्येच काही लोकांनी शिझुकाची ही आंघोळीची दृश्यं काढून टाका म्हणून ऑनलाईन सह्या गोळा केल्या. म्हणजे तिथल्या आईबापांनाही ते डाचत होतं. आणि बंदीचं म्हणाल तर तोही प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. २००८ मध्ये शिनचॅनवर केंद्र सरकारनं बंदी घातली होती, वर्षभरात तो कापाकापी होऊन परत आला. बिनआईबापाच्या पोरीला शाळेत काय ऐकावं लागतं त्यावर कधी बंदी आल्याचं मला आठवत नाही. असो, हा विषय वेगळा आहे.

मोठ्या पोरांची जी कार्टूनं असतात त्यांना ॲनिमे म्हणतात, हे आता तुमच्या पुरवणीलाही ठाऊक झालंय. त्यातलं ‘डिमन स्लेअर’ आमच्या गावात रामायणासारखं चालतं. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, त्याचा सिनेमा हिंदीत आला तर गावची सात-आठ पोरं जाम चौरस्त्यावरून बस धरून नागपूरला पाहायला गेली होती. त्यात झेनित्सू नावाचा एक पिवळ्या केसांचा पोरगा आहे. तो पहिल्यांदा नीट दिसतो तो भर रस्त्यात एका अनोळखी मुलीला चिकटून, माझ्याशी लग्न कर, लग्न कर म्हणून रडताना. ती बिचारी सोडवून घ्यायला बघते, हिरो येऊन त्याला मागं ओढतो, ती त्याच्या थोबाडीत देते. सगळं हसण्यावारी. पुढं हिरोच्या बहिणीमागं तो तसाच लागतो.

शनिवारी दुपारी माझ्याकडे चार-पाच पोरी काज-बटण आणि हेमिंग शिकायला येतात. त्यांचा या झेनित्सूवरून जो वाद झाला तो गुरुजींनी ऐकायला हवा होता. एक म्हणाली, तो भेकड आहे, पण मनाचा साफ आहे. दुसरी म्हणाली, साफ असू दे, आपल्या बसमध्ये असला तर तू त्याच्या बाजूच्या सीटवर बसशील काय? पहिली बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "दोन सीट सोडून बसीन."

‘नारुतो’तली साकुरा तर माझ्या दुकानात रोज कोर्टात उभी असते. ती सासुके नावाच्या पोरावर जीव टाकते. तो गाव सोडून जातो, दुष्मनांत मिसळतो, एका ठिकाणी तिला मारायलाही धावतो. आणि शेवटी लग्न त्याच्याशीच. लग्न झाल्यावर तो वर्षानुवर्षं बाहेर, पोरगी बापाला ओळखतसुद्धा नाही. काजं करता करता एक पोरगी म्हणाली, "म्हंजे माही मोठी बहीण." तिचे भाऊजी सुरतेला असतात, दिवाळीला येतात ते दोन दिवस. बाकीच्या हसल्या, ती मात्र सुईत दोरा ओवत राहिली.

या पोरींनी मला शब्द शिकवले. त्सुंदेरे म्हणजे वरून फणकारा आणि आतून प्रेम. जी नाही नाही म्हणते, पोराला मारते, शिव्या देते, पण मनातून हो असतं अशी नायिका. यांदेरे म्हणजे प्रेमापायी जीव घ्यायलाही मागंपुढं न पाहणारी. आमच्या गावच्या दोन पोरांनी अशाच एका सुरीवालीचा फोटो व्हॉट्सॲपला लावला होता. त्यांना ती गंमत वाटते, कारण सुरी घेऊन मागं लागणारी बाई त्यांनी खऱ्या जन्मात पाहिलेली नाही. बाप्या माणूस पाहिला आहे, पण त्याचा फोटो लावत नाहीत.

त्सुंदेरेवर माझी भाची जे बोलली ते मी मापाच्या वहीत लिहून ठेवलंय. एका बाईच्या पेटीकोटच्या मापाखाली आहे. "एकदा का पोट्टी त्सुंदेरे हाय असं ठरलं, की तिच्या नाहीले किंमतच राहत नाही. तिनं कसंही नाही म्हनलं तरी पायनाऱ्याले वाटते, हो म्हनून रायली." गुरुजी, सोळा वर्षांच्या पोरीचं वाक्य आहे हे. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांना हे बोलायला जमलेलं नाही. मला जमलं असतं तर मी सासरी सहा वर्षं काढली नसती.

आता एक गोष्ट सांगते जी मला अजून सोडत नाही.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत शिलाईचं काम कमी असतं, बाया वावरात असतात. तेव्हा आम्ही दोघींनी तीन रात्रींत ‘उसागी ड्रॉप’ पाहिलं. २०११ चं आहे, अकराच भाग. दायकिची नावाचा तीस वर्षांचा एकटा माणूस आजोबांच्या मयतीला जातो. तिथं कळतं की म्हाताऱ्याला एक सहा वर्षांची मुलगी आहे, रिन. सगळे नातेवाईक बसून तिचं काय करायचं ते बोलताहेत, मला जमणार नाही, आम्हाला जमणार नाही, आणि पोरगी तिथंच ऐकते आहे. हा उठतो आणि तिला विचारतो, माझ्यासोबत येतेस का? मग त्याची धावपळ. नोकरीत जादा वेळ थांबावं लागतं म्हणून तो दुसऱ्या विभागात बदलून घेतो. तिला एकटीनं झोपायची भीती. ती अंथरूण ओलं करते. तिचा पहिला दात हलतो.

मी हिंदी सिनेमाला फार रडत नाही. त्या रात्री मात्र इंटरलॉकचा धागा ओवता येईना. माझ्या भावाच्या तेराव्याला अशीच बैठक बसली होती, आमच्या ओसरीवर, आणि पोरगी खांबाला धरून उभी होती. पहिलं वर्षभर तिनं रोज गोधडी ओली केली. थंडीत ती वाळायची नाही, मी चुलीजवळ धरून वाळवायची. भाचीला हे आठवत नाही असं मी समजत होते.

अकरावा भाग संपला. मी विचारलं, पुढं? ती म्हणाली, "पुढचं पुस्तकात हाय. नको ऐकू." मी मागंच लागले. तेव्हा तिनं सांगितलं. पुस्तकात दहा वर्षं जातात, रिन हायस्कुलात जाते. मग उघड होतं की ती खरं तर त्या म्हाताऱ्याच्या रक्ताची नाही. आणि तिचं मन दायकिचीवर बसतं, शेवटी दोघांचं जमतं.

माझा पायडलवरचा पाय थांबला. सुई कापडात तशीच. बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, रक्ताचं नातं नाही ना, मग लिहिणाऱ्याला चालत असेल. ती म्हणाली, "त्यानं तिची ओली गादी धुतली, आत्या. मंग?"

म्हणजे तिला आठवत होतं.

ते पुस्तक लिहिणारी बाई आहे, युमी उनिता. हे मुद्दाम सांगते, कारण गुरुजींच्या पत्रात सगळा दोष पाहणाऱ्या पोरींना आणि दाखवणाऱ्या पुरुषांना वाटून टाकला होता. एवढं सरळ ते नाही. ज्यांनी हे पाहिलं-वाचलं त्यांतले बहुतेक लोक अजूनही नव्या माणसाला पहिलीच सूचना देतात की ॲनिमे पाहा, पुढचं पुस्तक उघडू नका. भाचीलाही कुणीतरी तशीच दिली होती, तरी तिनं वाचलं, आणि वाचून ठरवलं की मला फक्त अकरा भाग दाखवायचे. कुठं थांबायचं ते तिनं माझ्यासाठी ठरवलं होतं. कपडा कुठं कापायचा हे ज्याला कळतं त्याच्या हातून मी कात्री काढून घेत नाही, गुरुजी.

आता बसस्टॉपची गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

जपानीत एक शब्द आहे, काबेडॉन. काबे म्हणजे भिंत, डॉन म्हणजे धप्प. पोरगा पोरीला भिंतीशी उभी करतो, तिच्या डोक्याशेजारी धप्पकन हात टेकवतो, तोंडाजवळ तोंड आणतो आणि तिच्या छातीत धडधड होते. तिकडे २०१४ मध्ये हा शब्द वर्षातल्या गाजलेल्या दहा शब्दांत निवडला गेला होता. त्याआधी त्याचा एक अर्थ असाही होता की शेजारच्या खोलीत गोंगाट झाला तर गप्प करायला भिंतीवर मारायची धप्प. हा अर्थ मला जास्त कामाचा वाटतो.

आमच्या फाट्यावरच्या निवाऱ्याला तीन भिंती आहेत. जानेवारीत तिथं एका पोरानं माझ्या भाचीच्या मैत्रिणीसमोर हा प्रकार केला. पोरगा वाईट नाही. त्याच्या गॅदरिंगसाठी तांजिरोचा, म्हणजे ‘डिमन स्लेअर’च्या हिरोचा, हिरव्या-काळ्या चौकड्यांचा कोट मीच शिवून दिला होता, चौकडे शिवणीवर जुळवायला मला एक आख्खा दिवस लागला. त्यानं धप्प केलं, मित्रांनी शिट्ट्या मारल्या. ती पोरगी भिंतीला लागून आखडून गेली. माझी भाची बाजूलाच होती. ती म्हणाली, "काबेडॉन करून रायला का? हात काढ. तिनं बोलावलं होतं तुले?" नाव घेतल्याबरोबर तो चपापला. आपण काय करतोय ते समोरच्या पोरींना त्याच्याआधी माहीत आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नसावं. हात काढला. बस आली. संपलं.

संपलं कसलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली आणि गावभर होताना तिचा आकार बदलला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती पोरगी नव्हती. चार दिवस नव्हती. तिचा मोबाईल आजोबांनी धान्याच्या कोठीत टाकला होता. गुरुजींचं पत्र त्याच आठवड्यात आलं आणि आजोबांनी ते मला वाचून दाखवलं, पाहा, पेपरवालेही म्हणतात.

मी तिच्या आजीचं लुगड्याचं फॉल द्यायचं निमित्त करून गेले होते. आजी पोत्यावर बसून तुरी निवडत होती. मी म्हटलं, माय, हात त्यानं लावला, घरात ही बसली, हा कुठला हिशोब? आजी म्हणाली, "त्याले घरात बसवाले तो काय आपल्या घरचा हाय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कुणाजवळ असलं तर छापा. पाचव्या दिवशी पोरगी बसमध्ये आली. मोबाईल अजून कोठीत आहे.

तो पोरगा पुढच्या आठवड्यात जॅकेटची चेन बदलायला आला. मान खाली. म्हणाला, "काकू, मजाक होती." मी विचारलं, ती हसली होती का? त्यानं आठवून पाहिलं, खरंच आठवून पाहिलं, ते मला दिसलं. मग म्हणाला, नाही. मी चेन लावून दिली, नेहमीचेच पैसे घेतले. त्याच्या घरी कुणी त्याचा मोबाईल काढला नाही, कुणी त्याला विचारलंही नाही. त्याच्याशी त्या विषयावर बोललेली बहुधा मी एकटीच, तेही चेन खराब झाली म्हणून.

आता तुमच्याकडे वळते, संपादक साहेब.

३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला तिच्याच गावच्या, लग्न झालेल्या माणसानं पेट्रोल टाकून पेटवलं. १० तारखेला नागपूरच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला. त्याला जन्मठेप झाली तीही १० फेब्रुवारीला, दोन वर्षांनी. आमच्या इकडे ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. त्या आठवड्यात माझ्याकडे कॉलेजच्या तीन पोरींचे ड्रेस शिवायला होते. दोघींच्या आया येऊन कापड परत घेऊन गेल्या, आता कॉलेज नाही म्हणून. तिसरीचं कुणी आलंच नाही. आकाशी रंगाचं, बारीक फुलाचं कापड आहे, अजून माझ्या पेटीत आहे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मग तर विचारायलाही कुणी उरलं नाही. त्या पोरीला आता दोन लेकरं आहेत.

त्या दिवसांतले पेपर माझ्याकडे होते. तुमचा एकट्याचा नाही, सगळ्यांचेच सांगते. जवळजवळ प्रत्येकात ते दोन शब्द होते, "एकतर्फी प्रेमातून". नंतरही अशा जेवढ्या बातम्या आल्या, मग ती कोयत्याची असो, ॲसिडची असो की विहिरीत ढकलल्याची, मथळ्यात प्रेम असतंच. मी या शब्दावरून कितीतरी वेळा कात्री फिरवली आहे, तेव्हा कधी थांबले नव्हते. एका शनिवारी भाचीनं तुमचं पान उचललं आणि पोरींना वाचून दाखवलं आणि म्हणाली, "पाय, यांदेरेले आपल्या पेपरात एकतर्फी प्रेम म्हनते."

गुरुजींना ॲनिमेत जे दिसतं ते हेच ना? कुणीतरी कुणाच्या मागं लागतो, ती नाही म्हणते, तो ऐकत नाही, आणि बघणाऱ्याला शिकवलं जातं की हे प्रेम आहे. मग जपान्याच्या कार्टूनात ते वाईट आणि आपल्या पहिल्या पानावर ते मराठी, असं कसं? पोरी निदान त्या कार्टूनाला नावं ठेवतात. नाव ठेवणं म्हणजे निंदा असं नाही म्हणत मी, खरोखरचं नाव. याला काबेडॉन म्हणतात, याला त्सुंदेरे म्हणतात, हे असं असतं, हे इथं येणार. नाव ठाऊक होतं म्हणून माझी भाची त्या दिवशी फाट्यावर बोलू शकली. आमच्या वेळेला नाव नव्हतं. आमच्या वेळेला एक जण दोन वर्षं माझ्या सायकलमागं सायकल घेऊन यायचा, शाळेपासून घरापर्यंत, आणि त्याला काय म्हणायचं हे ठाऊक नसल्यामुळे मी घरी काहीच सांगितलं नाही. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्यावर मरते तो. मला वाटायचं, असेल.

आता त्याला कायद्यात शब्द आहे, पाठलाग. मागच्या वर्षी शाळेत पोलीस ताई आल्या होत्या त्यांनी सांगितलं, मी गणवेशाची मापं घ्यायला गेले होते म्हणून ऐकायला मिळालं. २०१३ मध्ये तो भारतीय दंड विधानात आला, १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत कलम ७८ आहे. बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुष तिच्या मागं लागला, वारंवार बोलायला बघू लागला, तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जपानात असा कायदा २००० साली झाला. संमतीचं वय मात्र तिथं २०२३ पर्यंत १३ होतं, आता १६ केलंय. हेही भाचीनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण तिला तो देश आवडतो.

तेव्हा माझं मागणं लांबलचक नाही. अशा बातमीत "पाठलाग करून" लिहा, "तिनं नकार दिला म्हणून" लिहा, "हल्ला" लिहा, "खून" लिहा. प्रेम लिहू नका. एका मथळ्याला फार तर दोन अक्षरं जास्त लागतील. जागा पुरत नसेल तर कोपऱ्यातल्या वशीकरणाच्या छोट्या जाहिराती थोड्या आवळा, "रूठा प्यार मनाओ" वाल्या. त्याही तुमच्याच पानावर असतात आणि त्यांतल्या बाबांकडे गावचे कोण कोण जाऊन आले ते मला मापं घेता घेता कळतं.

गुरुजींना एवढंच की शनिवारी दुपारी दोन ते पाच दुकान उघडं असतं. बसायला स्टूल आहे. मोबाईल काढून घ्यायला या किंवा पाहायला या, चहा दोन्हींना आहे.

पत्र छापल्यास कृपया माझं आणि गावाचं नाव छापू नये. फाट्यावरच्या गोष्टीवरून लोक ओळखतीलच, पण छापलेलं वेगळं असतं.

आपली वाचक,
(ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

ता. क. : पत्र भाचीला वाचायला दिलं. तिनं ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या आणि एक दुरुस्ती सांगितली. झेनित्सूवर मी अन्याय केलाय म्हणते. नव्या सिनेमात तो एकटा उभा राहून लढतो, तेव्हा कुणाच्या पदराला धरून रडणारा पोरगा तो राहिलेला नसतो, हे लिही. लिहिलं. मी विचारलं, मग आता बसमध्ये त्याच्या बाजूला बसशील? ती म्हणाली, "पह्यले त्याले सांग, त्या रस्त्यावरच्या पोट्टीची माफी मागून ये."